शेडच्या भिंती खालून कुजतात

मागच्या अंगणातल्या शेडचं साइडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, कुजलंय, नवीन कुठलं घालू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, कुजलंय कुठे? उत्तर बहुधा एकच येतं. खाली. जमिनीपासून वीतभर, फार तर हातभर. खिडकीच्या वरचा भाग अजून खणखणीत असतो. वर्षानुवर्षं तोच पाऊस, तेच ऊन, तेच बर्फ सोसूनही वरचं लाकूड टिकतं आणि खालचं भुसभुशीत होतं, तेव्हा दोष लाकडाच्या जातीत शोधून फारसं काही हाती लागत नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं हे पाहायचं. विनाइलचं प्लास्टिक, सिमेंट की सीडरचं लाकूड हा वाद नंतरचा.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. घराबरोबर आलेली आमची शेड आठ बाय दहा फुटांची आहे. भिंतींना टी-वन-इलेव्हन नावाचं प्लायवुड. चार बाय आठ फुटांचे तक्ते, त्यांवर उभ्या खाचा, त्यामुळे लांबून उभ्या फळ्या ठोकल्यासारख्या दिसतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेत या तक्त्यांची फार चलती होती. स्वस्त, लावायला सोपे, आणि मुख्य म्हणजे एकाच तक्त्यात दोन कामं. बाहेरचं आवरणही तेच आणि भिंतीचा ताणही तेच. घराच्या भिंतीत साइडिंगच्या मागे वेगळा तक्ता असतो, शेडमध्ये सहसा नसतो. दोन बाय चार इंची उभी लाकडं आणि त्यांवर थेट हा तक्ता. तक्ता काढला की चौकट नुसती खिळ्यांवर उभी राहते, वाऱ्यानं तिरकी होऊ शकते. म्हणून दुरुस्ती एका वेळी एकाच भिंतीची करायची, आणि ती भिंत उघडी असेपर्यंत आतून एक तिरपी फळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ठोकून ठेवायची. हे कुणी आवर्जून सांगत नाही, पण सगळ्या कामात याहून महत्त्वाची सूचना नसेल.

तपासणीला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. भिंतीच्या कडेकडेनं, जमिनीलगत, दर वीतभर अंतरावर टोचत जायचं. चांगलं लाकूड टोक आत घेत नाही. रंगावर विश्वास ठेवू नये. रंगाचा पापुद्रा शाबूत असतो आणि आत प्लायवुडचे थर सुटून पुस्तकाच्या पानांसारखे झालेले असतात. प्लायवुडची खालची कड म्हणजे उघडे तंतू. त्यांच्या टोकांतून पाणी वर चढतं, आणि कारखान्यातून आलेल्या त्या कडेला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, लावायची तसदी शेड बांधणारे क्वचितच घेतात. आमच्याही शेडच्या बांधणाऱ्यानं घेतली नव्हती.

आमच्याकडे दक्षिणेची भिंत फक्त कोपऱ्यांत मऊ लागली. पूर्वेची खालून सहा-सात इंच. उत्तरेच्या भिंतीत मात्र स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला आणि तक्त्यामागचं चौकटीचं सर्वांत खालचं आडवं लाकूडही हाताला चुऱ्यासारखं लागलं.

फोटो गुहागरला धाकट्या भावाला पाठवले. तो बागायती बघतो, लाकूडकामात त्याचा हात आहे. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, झड कुठल्या बाजूनं येते तुमच्याकडे?"

मी म्हटलं, इथे मोठं वादळ आलं की वारा ईशान्येकडून असतो, त्याला नॉर-ईस्टर म्हणतात, तेव्हा पूर्वेची भिंत झोडपली जाते.

"मग पूर्वेपेक्षा उत्तरेची जास्त कशी कुजली? पागोळ्या उत्तरेला पडतात का गं?"

पडतात. छपराला दोन उतार, एक दक्षिणेला, एक उत्तरेला. पन्हळ कुठेच नाही. मी मग गणित मांडलं. अर्धं छप्पर म्हणजे साधारण चाळीस चौरस फूट. एक इंच पाऊस पडला की त्यावरून जवळपास पंचवीस गॅलन पाणी खाली येतं, म्हणजे नव्वद लिटरच्या वर, आणि ते सगळं दहा फुटांच्या एका सरळ रेषेत, भिंतीपासून चार इंचांवर. खाली मऊ माती, वर पालापाचोळा. थेंब आपटतो, मातीसकट उडतो आणि भिंतीला लागतो. दक्षिणेलाही हेच होतं, पण तिथे ऊन येतं, भिंत सुकते. उत्तरेला नोव्हेंबर ते मार्च उन्हाचा कवडसा नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशीचं काही चालत नाही. ती तिसाच्या आसपास जाऊन तिथेच टिकली की लाकूड कुजायला लागतं. आमची उत्तरेची भिंत पावसाळी आठवड्यांत सुकतच नसणार.

भावाच्या प्रश्नानं मला आजोळचं घर आठवलं. गुहागरसारख्या ठिकाणी पाऊस केवढा, तरी ती मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी होती, कारण तिला पाण्याशी झगडावंच लागू नये अशी सोय केलेली होती. जांभ्याचं जोतं गुडघ्याच्या वर. ओसरीवरून बाहेर आलेली लांब वळचण. पागोळ्या जिथे पडतात तिथे ओळीनं बसवलेले चिरे, म्हणजे माती उडायला नको. आणि झडीच्या बाजूला मे महिन्याच्या अखेरीस झावळ्यांचे विणलेले झाप बांधायचे. झाप पावसाळाभर भिजणार, कुजणार, आणि दिवाळीनंतर ते काढून टाकणार हे आधीच ठरलेलं. तो थर जावा आणि भिंत राहावी म्हणूनच तो असतो. न्यू जर्सीतल्या प्लायवुडच्या खोपटाला मी याहून वेगळं काही केलेलं नाही.

आधी जमीन. कोणत्याही लाकडी साइडिंगची खालची कड मातीपासून निदान सहा इंच वर हवी. आमची उत्तरेला मातीत गाडलेलीच होती. आधीच्या मालकांचा तिथे फुलांचा वाफा होता, वर्षानुवर्षं त्यावर मल्च, म्हणजे सालीच्या तुकड्यांचं आच्छादन, पडत गेलं आणि जमीन वर येत गेली. त्यात शेडखाली ग्राउंडहॉग, म्हणजे बीळ करून राहणारा एक मोठा खारीच्या कुळातला प्राणी, राहायला आलेला. तो बीळ उकरायचा आणि माती भिंतीवर ढकलायचा. मी फावड्यानं ती सगळी माती काढली, उतार शेडपासून दूर राहील असा केला. इथली तांबडी चिकणमाती, शेल नावाच्या थरांच्या दगडाचे चपटे तुकडे असलेली, पाणी धरून बसते. काढायला फार कष्टाची. भिंतीलगत दीड फूट रुंद, चार इंच खोल चर करून त्यात अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड जाळी खाली अंथरली, कडेला उभी वळवून जमिनीत गाडली, आणि वर पाऊण इंची खडी भरली. जाळीमुळे ग्राउंडहॉगला परत येता आलं नाही. जाळी बसवण्याआधी तो बाहेर गेलाय ना, आत पिल्लं नाहीत ना, हे मात्र नक्की बघायचं.

उत्तरेच्या कडेला ॲल्युमिनियमची साधी पन्हळ लावली आणि ते पाणी पिंपात घेतलं. उन्हाळ्यात त्यावर मेथी आणि भोपळ्याचा वेल जगतो. थंडी सुरू होण्याआधी पिंप रिकामं करून उलटं ठेवायचं, नाहीतर आत बर्फ होऊन ते फुटतं.

आता साहित्य. इथे मी सविस्तर सांगते, कारण दुकानात गेलं की निवड करायला लागते आणि तिथे भाव आणि रंग यांपलीकडचं कुणी बोलत नाही.

विनाइल कुजत नाही, रंगवावं लागत नाही, ते खरं. पण शेडसाठी मला ते पटत नाही. त्याला स्वतःची ताकद नाही, मागे सलग तक्ता लागतो, म्हणजे शेडला आधी एक भिंत आणि मग त्यावर विनाइल. उन्हानं ते पसरतं, थंडीत आकसतं. म्हणून खिळा त्याच्या लांबट भोकाच्या मधोमध आणि थोडा सैल ठेवावा लागतो. घट्ट ठोकलं की उन्हाळ्यात पोक येतात. कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं, आणि शेडला फावड्याचा, लॉनमोअरचा, सायकलच्या हँडलचा धक्का रोजचाच. बार्बेक्यूची ग्रिल जवळ ठेवली तर वितळून वाकतं. आणि जुन्या कुजक्या टी-वन-इलेव्हनवरच विनाइल चढवून देतो म्हणणारे ठेकेदार भेटतात, त्यांना तर दारातूनच नमस्कार करावा. ओल आत कोंडली जाते आणि पुढची कूज दिसतही नाही.

सिमेंटचे फायबर-बोर्ड उत्तम टिकतात, वाळवीला नको असतात, आगीला दाद देत नाहीत. पोर्टलंड सिमेंट, वाळू आणि लाकडाचे तंतू यांचे ते असतात. चार बाय आठचा एक तक्ता सत्तर पौंडांच्या वर भरतो. राहत्या घराला हेच घालावं असं मला वाटतं. पण माझी शेड खडीवर ठेवलेल्या लाकडी ओंडक्यांवर उभी आहे. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते तेव्हा ती इंचभर वरखाली होते, आणि अशा हलणाऱ्या चौकटीवर ताठ सिमेंट तडकण्याची भीती राहते. कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, हेही लक्षात ठेवा. उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, चांगला मास्क लावूनच कापायचं. जुन्या शेडवर १९८० च्या आधीचे सिमेंटचे राखाडी शिंगल, म्हणजे एकावर एक चढवून लावलेले छोटे चपटे तुकडे, असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना हात लावण्याआधी तपासणी करून घ्या.

सीडर माझं मन ओढतं. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडे पाइन बॅरेन्सच्या दलदलींत अटलांटिक व्हाइट सीडर वाढतं, आणि या राज्यात त्याच्या शिंगलांची जुनी परंपरा आहे. डेनिसव्हिल गावाजवळ तर एकोणिसाव्या शतकात लोक दलदलीत गाडले गेलेले जुने वृक्ष उकरून काढत आणि त्यांचे शिंगल करत. जमिनीखाली शतकानुशतकं राहूनही ते लाकूड कामाचं होतं, यावरून त्याच्या गाभ्याची प्रत कळते. पण गाभ्याचीच. सालीलगतचं पांढरट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, ते लवकर कुजतं. वखारीत फळी निवडताना हे बघावं लागतं. सीडरला साधे लोखंडी खिळे ठोकले तर त्यातल्या टॅनिनमुळे काळे ओघळ येतात. स्टेनलेस स्टीलचेच वापरायचे. मोठ्या भिंतींना हे सगळं करणं माझ्या खिशाला जड होतं.

साध्या पाइनच्या उभ्या फळ्या आणि त्यांच्या फटींवर पट्ट्या, हीही चांगली, जुनी पद्धत. फक्त फळीला खिळे मधल्या भागात ठोकायचे आणि वरची पट्टी फटीतून आतल्या लाकडाला ठोकायची, फळीला नाही. दोन्ही कडा जखडल्या तर ऋतू बदलला की फळी फुटते.

मी घेतलं इंजिनिअर्ड लाकडाचं साइडिंग. लाकडाच्या ढलप्या राळेनं दाबून केलेले तक्ते, आत झिंक बोरेट, जे बुरशी आणि वाळवी दोन्हींना नकोसं असतं. टी-वन-इलेव्हनसारखेच चार बाय आठ, तशाच खाचा, आणि ताण घेण्याचं कामही तेच करतात, म्हणून उरलेल्या तीन भिंतींशी जुळले. याला एक इतिहास आहे तो माहीत असावा. नव्वदच्या दशकात लुइझियाना-पॅसिफिक कंपनीचं असंच ढलप्यांचं साइडिंग अनेक ठिकाणी फुगलं, कुजलं, खटले झाले आणि १९९६ साली मोठी तडजोड झाली. त्यानंतर प्रक्रिया बदलली. आजचा माल वेगळा आहे, पण पाण्यापुढे कापलेली कड आजही त्याची दुबळी जागा आहे. कारखान्याचा प्रायमर पृष्ठभागावर असतो. आपण करवतीनं कापलेल्या कडेवर काहीच नसतं. प्रत्येक कड कापली की त्याच दिवशी प्रायमर, मग रंग. मी ब्रश आणि डबा करवतीशेजारीच ठेवला होता.

उत्तरेच्या भिंतीचं काम मी आणि भाच्यानं मिळून केलं. आतून तिरपी फळी, मग जॅकनं चौकट पाव इंच उचलून खालचं कुजकं आडवं लाकूड काढलं आणि प्रेशर-ट्रीटेड, म्हणजे कूज रोखणारं औषध दाबानं आत मुरवलेलं, लाकूड घातलं. इथे एक सावधगिरी. अमेरिकेत २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती वापराच्या प्रेशर-ट्रीटेड लाकडात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं. जुन्या शेडखालची हिरवट लाकडं त्याच काळातली असतात. ती शेकोटीत कधीही जाळू नका, भाजीच्या वाफ्याला कड म्हणून लावू नका, त्यांचा भुसा जमिनीवर पडू देऊ नका. आता मिळणाऱ्या लाकडात आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त असतं आणि ते साधे खिळे खाऊन टाकतं, म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, खिळे हवेत.

तक्ते बसवताना दोन तक्त्यांमध्ये अष्टमांश इंच जागा, कडेला दर सहा इंचांवर खिळा, मध्ये दर बारा इंचांवर. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाशी बरोबर. आत घुसवलं की वरचा थर फुटतो आणि पाण्याला वाट मिळते.

पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत पूर्ण बदलायची गरज नव्हती. कूज दिसते त्याच्याही सहा इंच वर आडवी रेघ मारली, गोल करवतीचं पातं तक्त्याच्या जाडीएवढंच बाहेर ठेवून कापलं, म्हणजे आतली चौकट वाचते. कापलेल्या रेघेमागे दोन बाय चारचे तुकडे आडवे ठोकले. कडेला प्रायमर. मग झेड-आकाराची पत्र्याची पट्टी: तिचा वरचा पाय जुन्या तक्त्याच्या मागे, खालचा पाय नव्या फळीच्या पुढे, म्हणजे वरून ओघळलेलं पाणी बाहेरच पडतं. खाली मी पीव्हीसीची फळी लावली. ती पाणी पीत नाही. पीव्हीसी उन्हानं सरकतं, म्हणून टोकांना थोडी जागा सोडली आणि खिळ्यांऐवजी स्टेनलेसचे स्क्रू वापरले. उद्या ती फळी लॉनमोअरनं फोडली तर एका दुपारी बदलता येईल, वरच्या भिंतीला हात न लावता. भाऊ म्हणाला, "म्हणजे झापच बांधलेत म्हण की."

या झेड-पट्टीच्या वर तक्त्याच्या खाली पाव इंच फट राहते. ती बघून प्रत्येकाचा हात कॉकच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाच्या, बंदुकीकडे जातो. ती फट बुजवायची नाही. भिंतीच्या मागे शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला तेवढीच जागा असते. बुजवली की पाणी तिथेच साचतं आणि तक्त्याची नवी कड पुन्हा कुजायला लागते. उभे सांधे, कोपऱ्यांच्या पट्ट्या, खिडकीच्या बाजू इथे कॉक जरूर लावा. आडव्या पट्टीवरची फट मोकळी ठेवा. माझ्या ओळखीत नव्या दुरुस्तीनंतर पुन्हा कुजलेली जी दोन-तीन शेडं मी पाहिली, त्या सगळ्यांत हीच फट छान गुळगुळीत बुजवलेली होती.

रंगाआधी जुनं उरलेलं लाकूड सुकू द्यायचं. ओल मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं. पंधरा टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय मी डबा उघडला नाही. शेड १९७८ च्या आधीची असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा खरवडण्याआधी तपासा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. ॲक्रिलिक रंगाला साधारण पन्नास अंश फॅरनहाइटच्या वर हवा लागते, रात्रीचीही. आमच्याकडे ऑक्टोबरचा मध्य उलटला की ते जमत नाही. उत्तरेची भिंत मी सप्टेंबरात दोन हात देऊन संपवली. रंग फिकट करडा; गडद रंग ऊन जास्त ओढतो आणि तक्ते जास्त हलतात.

छपराच्या कडेच्या फळीला अर्ध्या इंचाची अगदी गोल भोकं दिसली, ती सुतारी भुंग्यांची. एप्रिल-मे महिन्यांत हे मोठे काळे भुंगे शेडभोवती घुमतात. डोळ्यांसमोर घिरट्या घालणारा बहुधा नर असतो आणि त्याला नांगी नसते. ते कोरतात ते बहुधा न रंगवलेलं मऊ लाकूड. शरद ऋतूत, पिल्लं उडून गेल्यावर, भोकं लाकडी खुंट्यांनी आणि गोंदानं बुजवून वर रंग दिला.

दाराचं काम राहिलंय. तेही टी-वन-इलेव्हनचंच आहे, खालची कड सुटलेली, आणि आता शेड पाव इंच उचलल्यामुळे ते उंबऱ्याला घासत नाही, एवढाच फायदा झालाय. येत्या मे महिन्यात ते बिजागरीवरून उतरवीन, खालचे आठ इंच कापीन आणि तिथे पीव्हीसीची फळी व झेड-पट्टी घालीन. पट्टीचा एक दहा फुटी तुकडा उरलेला आहे, तो पुरेल.